मूळ

सदतीस मुली घेऊन ग्वाल्हेरचा किल्ला चढू नये.
जोड्या लावल्या, एक उरली.
तिघीतिघींचे गट केले, एक उरली.
चौघीचौघींचे, तरी एकच.
पाचापाचांचे केले तेव्हा दोघी उरल्या
आणि त्या दोघींचं आपसात बोलणं नव्हतं.

काल हजेरीत छत्तीस होत्या.
छत्तीस कशाही बसतात, शहाण्या असतात.
आज गुंजा कुशवाह आली,
चार दिवस लग्नसराईचे हार ओवून,
बोटांना झेंडूचा पिवळा वास.

वर्गात मी शिकवते : अभाज्य संख्या.
घरी बाबांनी शिकवलं होतं : मूळ संख्या.
एकच गोष्ट, पण अभाज्य म्हटलं की
कुणीतरी भागायला येऊन परत गेल्यासारखं वाटतं,
आणि मूळ म्हटलं की पुण्याच्या मंडळींचं पत्र आठवतं.
कुलवृत्तांत काढतायत. रकाना तिसरा : मूळ गाव.
ग्वाल्हेर, असं मी फोनवर सांगितलं.
'ते झालं हो, पण मूळ?'
सात पिढ्यांनी भाग देत मागे गेले,
खापरपणजोबांशी अडले. फौजेबरोबर आलेले कारकून.
त्यांनी सगळ्यांचे हिशेब लिहिले,
स्वतःच्या गावाचं नाव नाही.

चतुर्भुजाचं देऊळ एका दगडाचं, वाटेतच.
रखवालदारानं जाळी उघडली, पाच-पाच जणींना आत सोडलं.
(उरलेल्या दोघींनी अखेर हात धरले.)
भिंतीवर देवाच्या फुलबागेचं माप :
दोनशे सत्तर हात लांब,
एकशे सत्त्याऐंशी हात रुंद.
आणि रोजचे हार पन्नास.
दोनशे सत्तरातलं ते शून्य
बाकीच्या आकड्यांहून बुटकं,
मोठ्यांच्या पंगतीत कडेला बसवलेल्या पोरासारखं.
'एवढुसं?' मुली म्हणाल्या.
त्यांना वाटलं होतं, वर छत्री असेल.

'एकशे सत्त्याऐंशी अभाज्य!' पुढची ओरडली.
दोननं जात नाही, तीननं नाही, पाचानं, सातानं नाही.
मीही मान हलवणार होते.
गुंजा मागून हळूच म्हणाली,
'सतरा फुलांचे अकरा हार होतात की.'

आणि शून्य? शून्य अभाज्य का?
छे. त्याला कुणीही भागावं, बाकी राहत नाही,
दोनाच्या घरचं, साताच्या घरचं, सतराच्याही,
प्रत्येक पाढ्याच्या उंबऱ्यावर ते आधीच बसलेलं.
फक्त त्यानं कुणाला भागायला जाऊ नये.
मग एक? एकही नाही गं.
मूळ व्हायला दोन भाजक लागतात, एक आणि आपण स्वतः,
एकाजवळ ते दोन्ही एकच.
'बिचारा,' कुणीतरी म्हणालं,
आणि तेवढ्यात माकडानं डबा पळवला.

निघताना डोकी मोजली : छत्तीस.
गुंजा जाळीपाशीच. बोटानं हवेत गुणाकार.
'मॅडमजी, रोजचे पन्नास म्हणजे
वर्षाचे अठरा हजार दोनशे पन्नास.
ओवणाऱ्यांना काय मिळायचं?'
मी म्हटलं, बाहेरच्या पाटीवर तरी नाही.
शेजारची हसली, 'म्हणजे शून्य!'
'न लिहिलेलं शून्य नसतं,' गुंजा म्हणाली.
'शून्य असतं तर लिहिलं असतं.
लिहायला येत होतं ना त्यांना. हे काय, इथंच आहे.'

पर्समध्ये पुण्याचा कागद होता, चौघडी केलेला.
तिसरा रकाना कोरा.
मी पर्सची चेन उगाच पुन्हा लावली.

खाली आलमगिरी दरवाज्याशी टेम्पो चार.
नऊ, नऊ, नऊ, नऊ.
गुंजा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली,
गुडघे आखडून, खिडकीतून किल्ल्याकडे बघत,
बोटं अजून काहीतरी ओवत असलेली.